बिनपंखाचा ड्रॅगन आणि जामखेडचे पाहुणे

माझं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली, ती एका ड्रॅगनमुळे.

नव्व्याण्णव साल. नगरला अण्णांच्या (म्हणजे आमच्या वडिलांच्या) पिठाच्या गिरणीशेजारी मी इंटरनेटचं दुकान थाटलं होतं. कॉम्प्युटर दोन, त्यातला चालू एक. गिऱ्हाईक फिरकत नसे, म्हणून मीच दिवसभर ऑनलाइन गेम खेळत बसायचो. त्यात आजवर फक्त माणूस नाहीतर राक्षस होता यायचं. एक दिवस ड्रॅगनच्या डोक्याचं चित्र टाकून जाहिरात आली, आता ड्रॅगनसुद्धा होता येणार! मी असा हुरळलो की विचारू नका. पंख पसरून, तोंडातून जाळ काढत फिरणार, असं अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं.

नेमके ड्रॅगन सुरू व्हायच्या दिवशीच जामखेडचे पाहुणे आमचं घर बघायला आले. मुलगी मी आधीच पाहून आलो होतो. मनीषा. मला मनापासून आवडली होती. रीतीप्रमाणे घर बघायला मुलगी येत नाही, पण तिला इंटरनेट बघायचं होतं, म्हणून वडील आणि मामांबरोबर तीही आली!

गिरणी सुरू झाली की वीज कमी पडून माझा कॉम्प्युटर मान टाकायचा. अण्णांनी पाहुण्यांच्या मानाखातर गिरणी थांबवली. दारात दळणाचे डबे घेऊन बायकांची ही रांग!

"दावा की काय करता ते," मामा म्हणाले.

मी ऐटीत ड्रॅगन निवडला. त्या काळच्या मंद नेटवर चित्र वरून खाली, इंचाइंचानं उतरायला लागलं. आधी शिंगं आली.

"आगाबाबा!" मामा सरसावून बसले.

मग लालबुंद डोळे, मग सुळे. मनीषाच्या वडिलांनी नकळत हात जोडले. मी छाती फुगवली. मग खांदे आले. अगदीच किरकोळ.

"पंख कुठंयत?" मनीषानं विचारलं.

"येतील, खालून येतील."

खालून पोट आलं. पोटाखाली चड्डी! (हो, चड्डी!) चड्डीखाली माणसाचे दोन पाय आणि मागं पालीएवढी शेपटी.

"ही तर घोरपड हाय," मामा म्हणाले. "कापडं घातल्याली."

"थांबा, जाळ बघा आता!" मी बटण दाबलं. ड्रॅगन खोकला. तोंडातून बिडी ओढल्यासारखा धूर निघाला.

"झालं का रं बाबा तुजं?" रांगेतली एक मावशी ओरडली. "पोरं उपाशी हायत घरी!"

माझी सटकली. "ही गेमवाली काय माणसं आहेत का कोण! जाहिरातीत नुसतं डोकं दाखवायचं आणि खाली हे ध्यान चिकटवायचं? शुद्ध फसवणूक आहे ही!" असं म्हणून मी कीबोर्डवर मूठ आपटली. त्यात साठलेलं गिरणीचं सगळं पीठ उडालं ते थेट मामांच्या मिश्यांवर!

"आरं, पाव्हनं तुला बघाया आल्यात, त्याला न्हाई!" अण्णा कळवळले आणि त्यांनी गिरणी सुरू केली. कॉम्प्युटर गप झाला. मामा मिश्या पुसत उठले. "पोरगं लई तापट दिसतंय," म्हणाले, आणि चहासुद्धा न घेता सगळे निघून गेले.

आई रडायलाच लागली. मला तर जेवण जाईना. एका घोरपडीपायी सोन्यासारखी मुलगी घालवली!

पण पुढच्या आठवड्यात चक्क होकार आला! लग्न झालं, आणि मग कुठं कारण विचारायचा धीर झाला.

"माझ्या रागाची भीती नाही वाटली तुला?"

"भ्या कसलं? हसू दाबता दाबता जीव चाललाता माजा," मनीषा म्हणाली. "नुसतं डोकं दावून फसवलं म्हणून केवढं खवळलात!"

"मग? खवळणार नाही?"

"तुमचाबी फोटो छातीपातूरच धाडला हुता की आमच्याकडं," ती म्हणाली. "तुमी पहिल्यांदा आमच्या दारात येऊन हुबं ऱ्हायलात, तवा मी बोंबलले का?"