सांभार म्हणावं की कोथिंबीर

नेरमध्ये सत्कार असो की निरोप समारंभ, माइक नंदकिशोररावांच्या हातात नसला तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटे. पंचायत समितीतून निवृत्त झाल्यापासून सूत्रसंचालन हाच त्यांचा धर्म. प्रमुख पाहुण्याला ते इतकी विशेषणं लावत, की पाहुणा बिचारा आपलं नाव कधी येतं याची वाट पाहत बसे. भाषा मात्र शुद्ध. अख्खा तालुका 'मले-तुले' करतो, हे दुःख त्यांनी जन्मभर सोसलं.

त्यांना सोसलं शुभदाताईंनी. बायकोने "मले चहा पाह्यजे" म्हटलं, की पेपरामागून आवाज येई, "मले नव्हे, मला." ती सांभार म्हणाली की "कोथिंबीर म्हण." जाम म्हणाली की "पेरू."

आणि हीच जीभ एका मास्तरांच्या निरोप समारंभात अडली. "आदरणीय, आदरणीय, आदरणीय..." एवढ्यावरच गाडी रुतली आणि ते माइकसकट कोसळले. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या.

मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून. पुण्याहून यवतमाळला येणारे डॉक्टर चारुदत्त म्हणाले, "ऑपरेशन तुम्हाला जागं ठेवून करू. तुम्ही बोलत राहायचं. शब्द चुकायला लागले की मी थांबणार, उरलेली गाठ तशीच सोडणार." उरली तर ती पुन्हा वाढणार, नको तिथे सुरी लागली तर वाचा जाणार. नंदकिशोररावांना मरणाची भीती वाटली, पण मुकं होऊन जगण्याची त्याहून जास्त वाटली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांबरोबर आलेल्या वाचातज्ज्ञ प्राची मॅडमनी त्यांना चित्रं दाखवली. ऑपरेशनच्या वेळी हीच चित्रं दाखवून त्या शब्द तपासणार होत्या. "घरी म्हणता तसंच सांगा हं, काका." पण मॅडम पुण्याच्या, मग काय विचारता! कोथिंबीर, पेरू, भुईमुगाची शेंग. झाडूला तर त्यांनी 'केरसुणी' म्हटलं आणि वर 'ण'चा उच्चारही समजावून सांगितला.

दुसऱ्या दिवशी कवटीचा तुकडा बाजूला काढलेला, डोकं पकडीत, आणि समोर कालचीच चित्रं.

"हे काय, काका?"

"सांभार."

प्राची चमकल्या. त्यांनी पुढचं चित्र धरलं.

"जाम."

"सर, शब्द चुकतायत. काल कोथिंबीर आणि पेरू म्हणाले होते."

डॉक्टरांचा हात थांबला. "सांभार? इडलीबरोबरचं?"

नंदकिशोरराव जिवाच्या आकांताने दुसरा शब्द शोधू लागले. पण ऐन वेळी शुद्ध मराठीनेच आधी पळ काढला होता. मनात कुठेही हात घालावा, तर हाती सांभारच लागे.

खात्री करायला प्राची बाहेर धावल्या आणि शुभदाताईंना विचारलं, "काका घरी कोथिंबिरीला सांभार म्हणतात का?" शुभदाताईंनी जन्मभर नवऱ्याची अब्रू राखली होती, आजच कशी सोडतील? "छे! थे शुद्धच बोलतेत. सांभार तर मी म्हणते, अडाणी."

"कधीच म्हणत नाहीत, सर," प्राचींनी आत येऊन सांगितलं.

"मग बाकीची गाठ राहू दे. इथेच थांबूया."

ते ऐकलं आणि हिरव्या चादरीखालून नंदकिशोरराव ओरडले, "डॉक्टरसाहेब, थांबता काहून? थे बायको माही लाज राखून राह्यली! माही माय सांभारच म्हणे, मी बी मनात सांभारच म्हणतो. काल या पोरीपुढं शायनिंग मारत होतो, अजून काय! मले सारं सप्पा बोलता येते. काढा थे गाठ!"

मग डॉक्टर मास्कआडून हसले. "एवढं बोलले आणि एकदाही अडखळले नाहीत. विचारा पुढचं."

"हे काय, काका?"

"फल्ली," नंदकिशोरराव भुईमुगाची शेंग पाहून ठणकावून म्हणाले, आणि काम पुढे सुरू झालं.

गाठ सगळी निघाली. संध्याकाळी शुभदाताईंना आत सोडलं. नवरा बोलेल की नाही, या धास्तीने त्या नुसत्या त्यांच्या ओठांकडे पाहत होत्या. नंदकिशोररावांनी डोळे उघडले.

"शुभदा, मले पाणी दे."

शुभदाताई तिथेच ढसाढसा रडल्या. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, पेला भरला आणि तो हातातच धरून ठेवला.

"मले नव्हे," त्या म्हणाल्या, "मला."

आणि ते तसं म्हणेपर्यंत त्यांनी पेला काही पुढे केला नाही.