नरी डॉक्टर आणि लाल दोरा

"भुवई उचल," असं म्हणत ते समोरच्याच्या कानापुढे दोन बोटं टेकवायचे. कुणाच्याही. पोस्टमनच्या, भाजीवालीच्या, एकदा तर अप्पांना भेटायला आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांच्यासुद्धा. माणूस गोंधळून भुवई उचलायचा आणि हे खूश. "इथून वायर जाते बघा. हाडातून बाहेर येते, तीन फांद्या होतात, वरची भुवईला."

आमच्या गल्लीत त्यांना सगळे नरी डॉक्टर म्हणायचे. तमिळमधे नरी म्हणजे कोल्हा. जन्मभर सरकारी नोकरीत गुरांचे डॉक्टर होते. निवृत्त झाले आणि कुंभकोणमात आमच्या मागच्याच घरी राहायला आले, एकटे. घरच्या गोठ्यात गाय नव्हती. तिथं दगडी टेबलावर ते मेलेले कोल्हे आणि मेलेली कुत्री फाडत बसायचे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. टायपिंगची वरची परीक्षा नुकतीच पास झालेली आणि बोटं नुसती शिवशिवत होती. त्यांना लिहून घ्यायला कुणीतरी हवं होतं. आमच्यासारखेच तेही तंजावरकडचे मराठी, म्हणून अप्पा हो म्हणाले. पण अट एकच. मशीन गोठ्याच्या दारात ठेवायचं, म्हणजे आमच्या विहिरीवरून अम्माला मी दिसेन.

मी दारात, ते आत. ते इंग्रजीतून सांगायचे, मी बडवायची. मला इतकी घाई की त्यांचं वाक्य संपायच्या आधीच पुढचा शब्द ठोकून मोकळी, आणि तो हमखास चुकलेला.

"टायपिस्टम्मा," ते वर न बघता म्हणायचे, "कोल्हा मी फाडतोंय का तू?"

खरं सांगू, मला भीती वाटायची. वासाची नाही, वासाची सवय होते. कोल्ह्याचे डोळे अर्धे उघडे असायचे त्याची. मी मशीन मुद्दाम तिरकं ठेवायची, तरी एक डोळा दिसायचाच.

त्यांचा ध्यास काय होता तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस वेडा होता. आपलं कुत्रं काही हवं असलं की भुवया वर करून बघतं. तुम्हीही पाहिलं असेल. कोल्हा तसं बघत नाही. मग दोघांच्या भुवईला जाणारा मज्जातंतू वेगळा आहे का? जाड, बारीक, जास्त फांद्यांचा? एवढंच त्यांना बघायचं होतं. "कुत्र्याला आपल्याकडे मागायचें असतें," ते म्हणायचे. "कोल्ह्याला कुणाकडे कांहीं मागायचें नाहीं. मग त्याला भुवई कशाला?" आणि मग हळूच, "पण हें मी म्हणतोंय. तंतू काय म्हणतो तें बघूं."

तंतू औषधात ठेवला की करडा पडतो. ताज्या जनावरात तो पांढरा, चमकता दिसतो, म्हणून ते ताजंच जनावर घ्यायचे. एकेका फांदीखालून दोरा घालून गाठ मारायचे. कुत्र्याला पांढरा दोरा, कोल्ह्याला लाल. दोन्ही हात गुंतलेले, मग दोऱ्याचं दुसरं टोक कुठं धरायचं? ओठात. गल्लीतल्या प्रत्येक पोराला भटक्या कुत्र्यापासून लांब राहा म्हणून ओरडणारा हा माणूस, कोल्ह्याच्या डोक्यातून निघालेला दोरा ओठात धरून मला स्पेलिंग सांगायचा.

कार्तिकात इन्नंबूरचा एक शेतकरी पोत्यात कोल्हा घेऊन आला. भातशेतातला, मोठा, अजून गरम.

"भर दुपारी अंगणात आला, डाक्टरय्या," तो तमिळमधे म्हणाला. "पळालाच नाही. काठी घातली."

मामांनी, मी त्यांना मामा म्हणायची, पुढचं काही विचारलंच नाही. पोतं बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही हसू आलं. त्या दिवशी इतकं मनासारखं काम चाललं होतं की मी पानावर पान ओढत होते. मधेच त्यांची कात्री ट्रेमध्ये रक्ताखाली गेली. ते लाल दोऱ्याचं टोक माझ्याकडे करून म्हणाले, "तोड गे."

मी दातानं तोडला. शिवताना आपण तोडतो तसा, सहज. थोडा खारट लागला. मी थुंकले आणि टाइप करत राहिले.

महिन्याभरानं तो शेतकरी परत आला. या वेळी पोतं नव्हतं. गाय पाणी पीत नाही म्हणाला. घागर दिसली की मागं सरते. रात्रंदिवस हंबरते, तोंडातून लाळ गळते. त्या कोल्ह्यानं तिच्या नाकाला चावा घेतला होता, ते त्या दिवशी सांगायचं राहून गेलं.

मामांच्या हातात कॉफीचा पेला होता. तो त्यांनी इतक्या सावकाश खाली ठेवला की कोल्हा पिसाळलेला होता हे मला तेव्हाच कळलं. शेतकऱ्याला त्यांनी गाईजवळ कुणी जाऊ नका म्हणून बजावलं आणि पाठवलं. मग माझ्याकडे वळले.

"तो दोरा," ते म्हणाले. "तूं दातानें तोडलास ना?"

"हो."

"हिरडी, ओठ, कुठें फुटलें होतें?"

मला आठवेना. मी जिभेनं सगळं तोंड चाचपत राहिले, जणू महिन्यापूर्वीची जखम आत्ता सापडेल. ते कानापुढे बोटं टेकवणारे हात मांडीखाली दाबून बसले होते.

अम्माला त्यांनीच सांगितलं. विहिरीजवळ उभं राहून, मान खाली घालून. अम्मा रडली नाही. "आतां काय करायचें तें बोला," एवढंच म्हणाली.

सरकारी दवाखान्यात लस कुन्नूरहून रेल्वेनं यायची. त्या दिवशी एका माणसापुरतीच होती. डॉक्टरांनी दोघांकडे बघितलं. मामा म्हणाले, "हिला." डॉक्टर म्हणाले, तुमचा तर रोजचा दोरा ओठात, तुमची जोखीम जास्त. मामा म्हणाले, "मी पुढच्या पार्सलाची वाट बघतों. तारही करतों. हिला टोचा." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी पोटावरची साडी बाजूला केली.

चौदा इंजेक्शनं, पोटात, रोज एक. पोट दगडासारखं सुजायचं. पार्सल अकराव्या दिवशी आलं, तेव्हा कुठं त्यांची चौदा सुरू झाली. ते अकरा दिवस मी मोजले, त्यांनी मोजले की नाही माहीत नाही. ते तर मला रोज सोबत घेऊन जायचे आणि बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचे.

इंजेक्शनं संपली तरी भीती संपत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हा रोग मज्जातंतूंतून चढतो, रोज थोडा, असं त्यांनीच मला टाइप करायला दिलेल्या एका पानावर होतं. महिनोन् महिने लागू शकतात. मग पाणी बघून घसा आवळतो. मी झोपेत गाल चाचपायची. कानापुढे बोटं टेकवून बघायची, काही चालतंय का आत. मुंग्या आल्या की मेले, वाटायचं, आणि मग कळायचं की पाय मुडपून बसले होते.

मामांनी यावर एक रीत काढली. रोज सकाळी ते आमच्या तिण्णैशी येऊन उभे राहायचे. तिण्णै म्हणजे दारापुढचा ओटा. अम्मा दोन पितळी पेले आणायची. आधी ते पाणी प्यायचे, माझ्यासमोर, घटाघट. मग मी. "पास," ते म्हणायचे. "दोघें पास. आतां दिवसभर भ्यायचें नाहीं, उद्यां सकाळीं भिऊं." आणि बघा, खरंच दिवस निघायचा. मी त्यांची पानं टाइप करायची. कोल्हा नवा आणला नाही, जुन्याच नोंदी. कुत्र्याची वरची फांदी थोडी जाड वाटते, पण इतक्या थोड्या जनावरांवरून तसं म्हणता येणार नाही, असं वाक्य त्यांनी मला तीनदा खोडून परत टाइप करायला लावलं.

पोंगल होऊन महिना झाला. जवळच्या गोविंदपुरमला भजनाला जायचं अम्मा परत बोलू लागली. मीही पेला रिकामा करताना मोजायचं सोडून दिलं होतं.

एका सकाळी ते आले. दोनतीन दिवस ओठ चोळत होते, थंडीनं फुटला असेल असं मला वाटलेलं. अम्मानं पेला दिला. त्यांनी तो हातात घेतला, वर नेला, आणि हनुवटीपाशीच थांबवला. मानेवरची शीर एकदा उडाली. त्यांनी पेला ओट्यावर ठेवला.

"आज मज एकादशी आहे," ते म्हणाले. "निर्जळी."

आमचं घर विठ्ठलाचं. "एकादशी परवां जाली की हो," अम्मा सहज म्हणाली, आणि मग तिचा हात तसाच राहिला.

ते ओल्या पेल्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"मग माझी आज," ते म्हणाले. "टायपिस्टम्मा, तूं पी."

"मामा, दवाखान्यात जाऊ. मी येते."

"आधीं पी."

मी प्यायले. दात पेल्यावर आपटत होते, पाणी पदरावर सांडलं. ते माझ्या गळ्याकडे बघत होते, एकेक घोट जाईपर्यंत, वेदनेनं डोळे बारीक करून, पण बघत होते.

"माझाही पी."

मी तोही प्यायले, तळापर्यंत.

"बरं," ते म्हणाले. "तूं येऊं नको. तंजावरची बस आहे, मी जातों. तिथें ओळखीचे आहेत. अम्मा, हिला आंत घ्या."

ते गेले. आठवड्याच्या आत तंजावरहून निरोप आला.

बस स्टँडचा जवळचा रस्ता तळ्याच्या काठानं जातो. आमच्या ओट्यावरून कोपरा दिसतो. त्या सकाळी ते कोपऱ्यापर्यंत ताठ चालत गेले, क्षणभर थांबले, आणि लांबच्या वाटेनं वळले.