गिटारची मोकळी जागा

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा एकजण आहे. बागेतला पंप बिघडला की मी त्याच्याकडेच जातो. तो बोलतो मोजकं. मोटार उघडून आधी तिचा वास घेतो आणि "जळली" किंवा "जगेल" एवढंच सांगतो. काम करताना मात्र एका परदेशी रॉक बँडची जुनी गाणी मोठ्याने लावतो. त्या बँडने वीसेक वर्षांत नवीन काहीच काढलं नव्हतं.

गेल्या एप्रिलमध्ये गेलो, तर शटर अर्धं खाली होतं. आत तो हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"त्यांचा नवा अल्बम आलाय आज," तो म्हणाला. "संपेपर्यंत कामाला हात लावणार नाय. बसा हो सर."

बागेत नवी कलमं उन्हात तापत होती, तरी मी बसलो. गायकाचा आवाज मला थकलेला वाटला. मी तसं म्हटलं.

"म्हातारा झालाय. पण लपवत नाय, हे बरं."

शेवटच्या गाण्यात मध्येच बाकीची वाद्यं थांबली आणि बराच वेळ नुसता ड्रमचा ठोका चालू राहिला. तो उठून उभा राहिला.

"गिटारवाला मधल्या काळात गेला त्यांचा," तो हळूच म्हणाला. "ही त्याची जागा. दुसऱ्या कोणाला दिली नाय."

मीही उठलो. गाणं संपलं तरी तो तसाच उभा होता, आणि पंपाची घाई असूनही मीही त्याच्या शेजारी उभाच राहिलो.