जाऊन येतों

अंबाबाई अक्कांचं मी ऐकलेलं पहिलं वाक्य म्हणजे एक दटावणी. तंजावूरच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून मी त्याच दिवशी रुजू झालो होतो. ओरत्तनाडूहून बसनं घामाघूम होऊन आलो आणि प्रयोगशाळेत शिरताच पंखा लावला. "बंद कर रे. धूळ पडते. जीव आहे त्यांला," ती प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या अक्का म्हणाल्या.

'त्यांला' म्हणजे काचेच्या बशीत वाढवलेल्या, कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाच्या पेशींना. अक्कांचा सूक्ष्मदर्शक उलटा होता: दिवा वर, भिंगं खाली. जिवंत पेशी बशीच्या तळाला चिकटतात, म्हणून त्यांना खालूनच पाहायचं. मी सवयीनं बशीच्या वर भिंग शोधू लागलो, तेव्हा अक्का हसल्या. "त्या वर यायच्या नाहीत. आपणच खालून पाहायचं." मग मला दिसलं. एवढीशी पेशी, हृदयापासून सुटलेली, एकटीच धडधडत होती. पंख्याची आठवण पुन्हा झाली नाही.

नव्या पेशी तळाला बसायला वेळ घेतात. त्या वेळात अक्कांनी मला देवनागरी शिकवली. आमच्या घरी मराठी बोलत, वाचायला मात्र फक्त तमिळ. "त्या बसेतों तूही बैस, अक्षर गिरव," असं म्हणून त्या खडू हातात देत. हा लेख त्याच अक्षरांत लिहितो आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या.

एकदा मद्रासचे एक मोठे प्राध्यापक मुद्दाम पेशी पाहायला आले आणि नेमक्या त्या सकाळी पेशी थांबलेल्या. टेबल हलकेच हलवलं तर हालचाल दिसेल, असं एका सहकाऱ्यांनी सुचवलं. अक्कांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि पाहुण्यांना सरळ सांगितलं, "आज थांबल्या आहेत. पोषक द्रव बदलतें. उद्या या." पाहुणे कुरकुरत मुक्कामाला राहिले, दुसऱ्या दिवशी आले आणि भिंगापासून उठेनात.

संध्याकाळी दिवा मालवून निघताना अक्का पेशींना म्हणत, "जाऊन येतें." तमिळमध्ये निरोप असाच घेतात, म्हणून आमच्या मराठीतही नुसतं 'येतो' म्हणून भागत नाही, जाणं आणि येणं दोन्ही बोलावं लागतं. पुण्याला नोकरी लागली तेव्हा स्टेशनवर मीही अक्कांना म्हणालो, "जाऊन येतों."

"सरि, बरं," त्या म्हणाल्या. "तुझं स्टूल मी कुणाला देत नाही."

पुण्यात माझ्यापाशी चांगला नवा सूक्ष्मदर्शक आहे. पेशी धडधडू लागल्या की मी दाखवायला शेजारी वळतो आणि शेजारी अक्का नसतात. इथलं मराठी शुद्ध आहे, पण 'बैस रे' म्हणणारं कुणी नाही. मला अक्कांची फार आठवण येते. हे याहून भारदस्त शब्दांत सांगता येत नाही.

यंदा अक्कांची साठी होते आहे आणि उन्हाळ्यानंतर त्या निवृत्त होत आहेत. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे, असं कळलं. त्यांच्यामागे तिथे पेशी कुणी वाढवील असं वाटत नाही. अक्कांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि त्यांची नजर शाबूत राहो, एवढंच मागतो. त्यात माझा स्वार्थ आहे. स्टेशनवरच्या त्या निरोपातलं 'जाऊन' तेवढं झालं, 'येतों' राहून गेलं आहे.

अक्का, या सुट्टीत मी येतो आहे. पंखा बंद ठेवा.