उसन्या घरापुढचा फोटो

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण सरकारी कागदावर चढला असा एकच. घरकुलाच्या सर्वेला आलेल्या मुलीला मी माझ्या घरापासून उचलून शेजारी, थोरल्या जावेच्या स्लॅबच्या घरापुढे नेलं आणि तिथं डोक्यावर पदर घेऊन ऐटीत फोटो काढून घेतला.

काही वर्षं झाली त्याला. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली अल्लड पोर होते. अक्कल यायची होती, पण आली आहे असं वाटत होतं. माझं घर म्हणजे दगडमातीच्या तीन भिंती, चौथ्या बाजूला पत्रा, वर पत्रा आणि तो उडू नये म्हणून त्यावर धोंडे. मुलीनं मोबाईल काढला. "मावशी, घरापुढं उभ्या राहा." मी म्हटलं, थांब बाई, जरा लुगडं बदलते. शेवगावच्या बाजारातून आणलेलं, लग्नकार्याशिवाय न नेसलेलं लुगडं नेसून बाहेर आले, तर मागचा तो गंजका पत्रा मलाच बघवेना. मला फोटो ठाऊक तो जत्रेतला. तिथं फोटोवाला मागं बंगल्याचा पडदा सोडतो, आपण पुढं उभं राहायचं. तेवढ्यावरून बंगला कुणी आपल्या नावावर करत नाही. मला वाटलं, इथंही तसंच.

मुलगी उन्हानं कावली होती. "हेच घर ना?"

"आपलंच हाय," मी म्हणाले. जावेचं ते आपलंच, हा माझा मोठेपणा.

जाऊ ओट्यावर शेंगा फोडत होती. म्हणाली, "फोटो काढ खुशाल, पन आत पाय टाकू नको. आताच फरशी पुसलीय."

पुढं एका पावसाळ्यात माझी मधली भिंत बसली. सुदैवानं दिवसा, आम्ही बाहेर असताना. सरपंचांनी गावातल्या समाजमंदिरात राहायला सांगितलं, घरकुल येईपर्यंत. मुलगा आणि सून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. तेवढे महिने नात माझ्याजवळ राहून शाळा करायची. समाजमंदिरात लग्न निघालं की आम्ही भांडी-अंथरूण घेऊन पडक्या घरात, वऱ्हाड गेलं की पुन्हा माघारी. मी मजेत सांगायची, माझं माहेर-सासर दोन्ही गावातच आहे.

ग्रामसभाही तिथंच भरायची. माझी चूल कोपऱ्यात सरकवून लोक सतरंजीवर बसले. ग्रामसेवकांनी यादी वाचली. माझं नाव नव्हतं. विचारलं तर त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. मी, नवं लुगडं, मागं स्लॅब.

"काकू, एवढा बंगला सोडून हितं कशाला राहता?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले, ती माझी खोडच. सून तेवढी माझ्याकडे बघत राहिली. ती हसली नाही.

तालुक्याला कचेरीत चार खेपा घातल्या. साहेब सज्जन होते, पाणी विचारायचे. म्हणायचे, "आजी, आता नव्या सर्वेत घ्या." नवा सर्वे आला. या खेपेला मी विटकं लुगडं नेसून पडक्या भिंतीपुढं उभी राहिले, आणि रडायचं ठरवलं नव्हतं तरी रडले. माहिती वर गेली म्हणतात. वर म्हणजे कुठं, ते कुणाला सांगता येत नाही.

आणि यंदा नातीला पदर आला, शहाणी झाली. समाजमंदिराच्या दाराला आतून कडी नाही. पायरीवर दिवसभर पत्त्यांचा डाव असतो. सून म्हणाली, "आत्या, मी तिला संगं नेते."

"आठवी हाय तिची. मी दाराला आडवी झोपंल."

"तुमी आडव्या झोपाल, पन तुमाला उठवायला किती हाका माराव्या लागत्यात?"

खरंच होतं ते. मला कानानं कमी ऐकू येतं. मी जावेकडे गेले. आयुष्यात तिच्यापुढं मान खाली घातली नव्हती, ती घातली. म्हटलं, पोरीला तेवढा एक कोपरा दे. तिनं पदरानं डोळे पुसले. "दोन खोल्या, त्यात नवी सून आन तरणा पोरगा. तूच सांग, कुठं निजवू?" ऊसतोडीवाल्यांच्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं. मास्तरांना विचारलं, तर मुलं पुरेशी भरली नाहीत म्हणून यंदा नाही म्हणाले. मग पडक्या घरात जाऊन मी एकटीनं भिंत रचायला घेतली. धोंड्यावर धोंडा ठेवला, चिखल कालवला. गुडघ्याएवढी झाली आणि पोटातून फुगून परत बसली. त्यात बसूनच राहिले. हसू आलं नाही.

दिवाळी झाल्यावर सकाळीच ट्रॅक्टर आला. श्रीगोंद्याकडच्या कारखान्यावर जायचं होतं. ट्रॉलीत कोयते, बाजरीचं पोतं, पत्र्याची पेटी, शेळी. नातीनं दप्तर घेतलं होतं. सुनेनं ते पोत्याखाली सारलं, दंवानं ओलं होऊ नये म्हणून. मी ट्रॉलीची फळी धरून उभी होते. ट्रॅक्टर सुरू झाला तरी सोडवेना. मुलगा म्हणाला, आई, हात काढ. नात वाकली, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं म्हणाली,

"आजी, घर मिळालं की नुसता फोन कर. न्यायला कुनी येऊ नका. मला येष्टी कळती, मी एकटी यीन."