गोराईच्या जेटीवर बोललेलं खोटं

रेमेडियाला गोराईत सगळे रेमीबाय म्हणत. पन्नाशी उलटलेली, लग्न न केलेली. खाडी ओलांडून बोरिवलीच्या एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून जायची. दिवसभर पेशंटची अंगं पुसायची आणि घरी येऊन अंथरुणाला खिळलेल्या आयचं अंग पुसायची. चर्चमधली रविवारची मिस्सा तिनं कधी चुकवली नाही. गावात तिला नाव ठेवायला जागा नव्हती आणि हे तिला ठाऊक होतं.

चौदा वर्षांपूर्वी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ बस्त्याव दारूच्या नशेत होडी काढायला निघाला. त्याला एकटा कसा सोडायचा, म्हणून बाबाही होडीत चढले. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बस्त्याव पोहून किनाऱ्याला लागला. बाबा सापडले तिसऱ्या दिवशी. तोवर बस्त्याव पळाला होता. बापाच्या मातीलाही आला नाही.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी फादरनी रेमीला मिस्सेनंतर थांबवलं. "बस्त्यावचा फोन आला होता. रत्नागिरीला असतो. पाच वर्षं दारूला शिवलेला नाही. शुक्रवारी चारच्या बोटीनं येतोय. आयला सांग."

रेमीनं मान हलवली. आयला काहीच सांगितलं नाही.

शुक्रवारी ती कामावरून लवकर सुटली आणि पावणेचारलाच गोराईच्या जेटीवर येऊन उभी राहिली. बोट लागली. स्कूटरवाले उतरले, भाजीवाल्या उतरल्या. सगळ्यांच्या मागून बस्त्याव उतरला. केस पांढरे, गाल आत गेलेले, खांद्याला एक पिशवी.

"रेमी?"

"इथूनच परत जा."

"आयला एकदा भेटू दे गं. तिनं हाकललं तर जातो."

आय हाकलणार नाही, हीच तर रेमीची आग होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "कुणाला भेटतोस? आय गेली."

"कधी?"

"सप्टेंबरात. मोत माउलीच्या जत्रेच्या सुमारास."

खोटं इतकं सरळ, महिन्यासकट बाहेर पडलं की तिचे कान गरम झाले. बस्त्याव जेटीच्या ओल्या पायरीवर खाली बसला. रडला नाही. म्हणाला, "जाताना माझं नाव घेतलं होतं का तिनं?"

चौदा वर्षं रोज संध्याकाळी रोझरी संपली की आय त्याचं नाव घ्यायची आणि रेमी दात आवळून 'आमेन' म्हणायची.

"राहू दे. नसेलच घेतलं. बरोबरच आहे तिचं." तो उठला, पिशवी उचलली आणि बोटीत जाऊन बसला.

खलाशानं दोर सोडला. इंजिन घरघरलं. नर्सिंग होममध्ये तिनं किती मेलेल्यांना आंघोळ घातली होती. आज जित्या आयला तिनं स्वतःच्या तोंडानं मारलं होतं. बोट हातभर दूर सरकली आणि ती किंचाळली, "बस्त्याव! आय आहे रे! मी खोटं बोलले!"

खलाशी ओरडत राहिला, पण बस्त्यावनं परत जेटीवर उडी टाकली. गुडघा फुटला. तसाच धावत येऊन त्यानं तिचे दोन्ही खांदे धरले. आता हा मारणार, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

"आहे? खरंच आहे?" तो हसत होता आणि रडत होता. का खोटं बोललीस, हे त्यानं विचारलंच नाही.

घरी तो खाटेशी कोसळला. "आय, बाबांना मी..."

"ठाऊक आहे मला. जवळ ये, नीट दिसत नाहीस." आय त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवत राहिली.

उंबऱ्यातच उभ्या राहिलेल्या रेमीला ते बघवेना. "आय, मी याला सांगितलं, तू मेलीस. चौदा वर्षं तुझं सगळं मी केलं, आणि हा आला नाही तोच..."

आयचा हात थांबला. गल्लीच्या टोकाला उपवासकाळातल्या शुक्रवारची प्रार्थनेची फेरी, क्रूसाची वाट, सुरू झाली होती, गाण्याचा आवाज घरात येत होता.

"केलंस म्हणून तू माझी आहेस, असं वाटत होतं तुला?" आय म्हणाली. "उद्या पाणी पाजलं नाहीस तरी माझीच. आज मला मारून आलीस तरी माझीच. देव तरी दुसरं काय करतो गं? ये इकडे."

रेमी लगेच गेली नाही. गाणं दारावरून पुढे गेलं, तेव्हा जाऊन खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि आयच्या कुशीत तोंड खुपसून पोरीसारखी रडली.

भावाबहिणीचं लगेच गोड झालं असं नाही. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. शनिवारी पापनिवेदनाच्या रांगेत तो तिच्या मागेच होता, तरी तिनं वळून पाहिलं नाही. सोमवारी सकाळी कामाला निघायच्या आधी आयला कुशीवर वळवायचं होतं. बस्त्याव संकोचत खाटेपाशी येऊन उभा राहिला.

"तसं नाही," रेमी म्हणाली. "कमरेखाली हात घाल. हां. आता हळू. मी म्हणेन तेव्हा उचल."