रविवारचं भांडण

माझा मामा खुर्च्या दुरुस्त करतो. सोफे, दवाखान्यातली बाकं, गाड्यांच्या सीटा आणि गेली तीस वर्षं थिएटरच्या खुर्च्या. वाकडी सुई, जाड दोरा, स्प्रिंग, काथ्या आणि फोम, यातच त्याचं आयुष्य गेलं. बैठक उसवली की बसणाऱ्याच्या सगळ्या खोडी कळतात, असं तो छातीठोक सांगायचा. एकदा थिएटरची एक सीट उलटी करून म्हणाला, ‘‘हा गृहस्थ अख्खा सिनेमा एका बाजूवर बसून बघतो. दुसरी बाजू कोरी करकरीत आहे.’’ तो गृहस्थ शेजारीच उभा होता. चष्मेवाले काका, मामाचे जिवलग मित्र आणि आयुष्यभराचे विरोधक.

मी त्याची भाची. कॉलेज संपल्यावर ‘दोन महिने बसते तुझ्या दुकानात’ म्हणून आले ती तिथलीच झाले. मापं घेणं आणि शिवणयंत्र माझ्याकडे, स्प्रिंगा आणि तोंड मामाकडे.

दर रविवारी सकाळी दुकानात सिनेमावाल्यांची बैठक भरायची. मामा, चष्मेवाले काका आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. मी आपली कात्री चालवत कान देऊन असायची. बसायला दुरुस्तीला आलेल्या खुर्च्या. बैठकीचा नियम एकच होता: कुणाचंही बोलणं पूर्ण ऐकून घ्यायचं नाही. कुणाचं शांतपणे ऐकून घेतलं तर त्याचा अर्थ असा, की तुमच्या म्हणण्यात काही दम नाही, खोडायचे कष्ट कोण घेणार. तिघांनाही तिघांचा आवाज पुरून उरायचा. मामी आतून म्हणायची, ‘‘झालं का सुरू रविवारचं भांडण?’’ आणि तेच बैठकीचं नाव पडलं.

भांडणाचा कायमचा विषय होता बावीस वर्षांपूर्वीचा समुद्री चाच्यांचा एक सिनेमा. उत्तरेच्या थंड समुद्रातले चाचे आणि त्यांची कप्तान एक बाई. शेवटी जहाज फुटतं, कप्तानबाई सगळ्यांना छोट्या नावेत बसवते आणि स्वतः जहाजाबरोबर जाते. त्याच क्षणी नावेतला टेहळ्या एकच शब्द ओरडतो, आणि पडदा काळा. मामानं तो सिनेमा अकरा वेळा पाहिला. त्यातले चार खेळ जमिनीवर बसून, कारण खुर्च्या त्यानंच दुरुस्तीला काढल्या होत्या. बाकी सिनेमा आपल्या भाषेत केलेला होता, पण तो एक शब्द मात्र मूळचाच ठेवला होता. डॅनिश भाषेत त्याचा अर्थ बेट, एवढं बाईंनी शोधून काढलं. लिहायला एकच अक्षर, गोल काढून त्याला तिरकी काट मारायची. पण म्हणायचं कसं? बाई म्हणायच्या ‘ओ’, चष्मेवाले म्हणायचे ‘ए’, आणि मामा म्हणायचा दोघांनीही कान धुऊन घ्या. असं बावीस वर्षं चाललं. तिघांपैकी एकालाही डॅनिशचं ओ की ठो कळत नव्हतं, पण माघार घेईल तर शपथ.

मागच्या वर्षी एका सकाळी सोफ्याचा पट्टा ताणता ताणता मामा खाली बसला तो उठलाच नाही. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि अर्धंच तोंड हसलं. पण दवाखाना जवळ होता, वेळेत पोहोचलो. हात-पाय महिन्या-दोन महिन्यांत सुधारले. सुई पुन्हा चालायला लागली, टाका पूर्वीइतकाच एकसारखा. बोलणं मात्र गेलं. डॉक्टरांनी समजावलं, की याला सगळं कळतं, मनात शब्दही असतात, पण तोंडापर्यंत येताना वाट चुकतात. ‘पाणी’ म्हणायचं असलं तर ‘खिडकी’ निघायचं. ‘हो’ आणि ‘नाही’ चालायचं. शिव्या मात्र शाबूत होत्या, एकदम स्वच्छ आणि खणखणीत. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, असं होतं, त्या वेगळ्या कप्प्यात असतात. मामी म्हणाली, ‘‘मेला नेमका तोच कप्पा वाचला!’’ आणि पदरानं डोळे पुसत हसली.

दवाखान्यातून आल्यावरच्या पहिल्या रविवारी बैठक भरली. मामा नवा शर्ट घालून बसला होता. सकाळपासून तीनदा त्यानं केस विंचरले होते. दोघं आले आणि जे वागले ते मला अजून आठवतं. चष्मेवाले काका, ज्यांचा आवाज चौकापर्यंत जायचा, ते आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं कुजबुजत होते. मामानं तोंड उघडलं की दोघं हातातलं सोडून त्याच्याकडे बघायचे. माना हलवायचे. ‘‘हं… हं… सावकाश, घाई नाही.’’ मामा एका शब्दासाठी धडपडत होता आणि ते दोघं शहाण्या मुलांसारखे गप्प. शेवटी चष्मेवाल्यांनीच त्याचं वाक्य पूर्ण करून दिलं आणि वर म्हणाले, ‘‘अगदी बरोबर बोललास!’’ तीस वर्षांत पहिल्यांदा ते मामाला बरोबर म्हणाले होते. मामा उठला आणि आत निघून गेला.

पुढच्या रविवारी त्यानं शटर उघडूच दिलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सोमवार ते शनिवार मान खाली घालून काम, रविवारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. व्यायाम मात्र करायचा. दुकानातल्या आरशासमोर उभा राहून ओठ गोल करायचा, ताणायचा, जीभ वर, जीभ खाली. पण कोणाशी बोलण्यासाठी, ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. मला भीती शब्दांची नव्हती. शब्द येतील, उशिरा येतील, चुकत येतील. मला भीती होती की तोवर मामा बोलायची इच्छाच सोडून देईल.

असे दहा महिने गेले आणि बातमी आली, की चाच्यांच्या सिनेमाचा दुसरा भाग येतोय. चष्मेवाले काका मंगळवारी भर दुपारी दुकानात हजर. हातात एक धडधाकट स्टूल.

‘‘हलतंय जरा,’’ ते म्हणाले.

मामानं स्टूल जमिनीवर टेकवलं, दाबून पाहिलं, आणि जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. स्टूल जराही हलत नव्हतं. तेवढ्यात बाईही ‘सहज’ आल्या. त्यांच्या फोनवर जाहिरातीची झलक होती. तिघं डोक्याला डोकी लावून बघायला लागले. शेवटी तीच हाक, पण या वेळी आवाज स्वच्छ.

‘‘बघा, ओ!’’ बाई म्हणाल्या.

‘‘कान तपासून घ्या बाई, ए आहे.’’

‘‘थांबा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘माझी एक विद्यार्थिनी तिकडे डॅनिश मुलखात नर्स आहे. वर्गात झोपायची, पण पोरगी चांगली.’’ आणि लगेच विचारलंसुद्धा. अर्ध्या तासात आवाजी निरोप आला: ‘‘बाई, जीभ ए म्हणतो तशी ठेवा आणि ओठ ऊ म्हणतो तसे करा. जीभ हलवू नका, नाहीतर सगळं बिघडतं.’’ पुढे तिनं म्हणून दाखवलं होतं. तो ओही नव्हता आणि एही नव्हता. बावीस वर्षं दोघंही चूक!

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. दोघं प्रौढ माणसं आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करत उभी. चष्मेवाल्यांचे ओठ गोल झाले की जीभ मागे पळायची. बाईंची जीभ जागेवर राहायची, पण ओठ पसरायचे. मी करून पाहिलं तर शिट्टी वाजली. मामा बाजूला सुईत दोरा ओवत होता. त्यानं सुई ठेवली, आरशात बघितलं, ओठ आवळले, आणि तो आवाज काढला. अगदी त्या नर्सनं काढला तसा. काढणारच, दहा महिने तो दुसरं करत काय होता?

आणि नेमकी इथेच दोघांनी माती खाल्ली. टाळ्या वाजवल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी, काका म्हणतात, ‘‘शाब्बास! शाब्बास रे माझ्या राजा!’’ पहिलं पाऊल टाकणाऱ्या बाळाला म्हणावं तसं. मामाचा चेहरा उतरला. त्यानं स्टूल उचलून काकांच्या हातात दिलं आणि दाराकडे बोट दाखवलं.

मी त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेले. मला इतका राग आला होता की मोठ्यांशी बोलायची रीत मी विसरले. ‘‘तुम्ही त्याला थोडा थोडा मारताय,’’ मी म्हणाले. ‘‘तो काय बोलतो याकडे तुमचं लक्षच नाही, फक्त तो बोलतो म्हणून कौतुक. काका, तुम्ही गेल्या दहा महिन्यांत एकदा तरी त्याला मूर्ख म्हणालात का?’’

‘‘आता कसं म्हणणार गं?’’ काका स्टूल छातीशी धरून उभे होते. ‘‘मला त्याच्यासमोर तोंड उघडायचीच लाज वाटते. माझं चालतंय, त्याचं नाही.’’

बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं निघून गेली.

सिनेमा लागला. पहिल्या दिवशी दुपारचा खेळ. मामा येणार नाही म्हणाला, म्हणजे मान हलवली. मामी म्हणाली, ‘‘नका जाऊ. घरी बसून मला भाजी निवडून द्या.’’ तरी हलला नाही. शेवटी थिएटरच्या मॅनेजरांचा फोन आला, तिसऱ्या रांगेतली एक सीट खचली आहे, आत्ता येऊन बघता का? यात कुणाचाही डाव नव्हता, सीट खरंच खचली होती. कामाला नाही म्हणणं मामाच्या रक्तात नाही. आम्ही हत्यारांची पेटी घेऊन गेलो. स्प्रिंग बसवून, हात पुसून होईस्तोवर दिवे मंद झाले. मामा त्याच सीटवर टेकला, नीट बसते का ते बघायला. मग उठलाच नाही. चष्मेवाले काका आणि बाई दोन रांगा मागे होते. मी मुद्दाम वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या भागात कप्तानबाई परत येते. बुडालेली, गेलेली, बावीस वर्षं आम्ही जिच्यासाठी गळा काढला ती बाई कुठल्याशा बेटावर मजेत मासे भाजत असते! अंधारात मामाचा श्वास जोरात व्हायला लागला. मला वाटलं पुन्हा काही झालं. त्याच्या हातावर हात ठेवला तर त्यानं तो झटकला. तो रागावला होता.

खेळ संपल्यावर बाहेरच्या दालनात चौघं समोरासमोर आलो. काका भारावलेले. ‘‘काय सुरेख जमवलंय!’’ ते बाईंना सांगत होते. ‘‘ती परत आली तेव्हा मला तर…’’

‘‘नाही,’’ मामा म्हणाला.

दोघं थांबले. माना कलल्या. तोच जुना सोशिक चेहरा.

‘‘मेली,’’ मामा म्हणाला. ‘‘ती… मेली. मेली म्हणजे… मेली!’’

‘‘हो, पण…’’ काकांनी ओठ चावले. त्यांची घालमेल मला दिसत होती. मनात उत्तर तयार होतं आणि दयेनं ते अडवलं होतं.

‘‘खुर्ची… बुडली,’’ मामा म्हणाला. शब्द चुकला हे त्यालाही कळलं, पण तो थांबला नाही. ‘‘खुर्ची बुडली! सगळं… खोटं! भिकार!’’

‘‘भिकार?’’ आणि काकांचा बांध फुटला. ‘‘भिकार काय म्हणतोस? आणि खुर्ची नाही, जहाज! जहाज बुडालं, ती बुडाली कुणी पाहिलं? दाखवलंय कुठे? पडदा काळा झाला होता, काळा!’’

‘‘मी… मी पाहिलं! अकरा…’’

‘‘अकरा वेळा काळा पडदा पाहिलास तू!’’

‘‘त्या समुद्रात माणूस किती वेळ टिकतो ठाऊक आहे का तुम्हाला?’’ बाई मध्ये घुसल्या. ‘‘पाण्याचं तापमान…’’

‘‘बाई, भूगोल नको!’’

मामा पेटीवर मूठ आपटत होता. शब्द अडकला की शिवी, शिवी झाली की पुन्हा शब्द. कुणी थांबत नव्हतं, कुणी त्याला शब्द पुरवत नव्हतं. तिघांचे आवाज तिघांवर चढले होते, येणारेजाणारे वळून बघत होते, आणि मामाचं तोंड काकांच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर.

‘‘अरे गप्प बस ना जरा!’’ काका ओरडले. ‘‘दुसऱ्याला बोलू देशील की नाही?’’

आणि मग त्यांना कळलं ते काय म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी तोंडावर हात नेला. वर्षभरात मामाला गप्प बस म्हणायची वेळ कुणावर आली नव्हती.

मामा त्यांच्याकडे बघत राहिला. मग हसला. तोंडाची उजवी बाजू जरा मागून आली, पण आली.

‘‘तू… गप्प बस,’’ तो म्हणाला, आणि पुढे भांडायला लागला.